खापरी नळापासून पितळी तोटीपर्यंत : बीदर-कलबुर्गी सीमाभागातील पाण्याच्या देखभालीचा इतिहास

प्रस्तावना

बीदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यातील मुडबी हे गाव बीदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या सीमेलगत आहे. मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू या तिन्ही भाषा या परिसरात नांदतात. एकेकाळी हा प्रदेश बहमनी राज्याच्या दोन राजधान्यांच्या, म्हणजे गुलबर्गा व बीदर यांच्या प्रभावक्षेत्रात होता. १६५७ मध्ये बीदर व कल्याणी ही दोन्ही ठाणी मोगलांकडे गेली. पुढे हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहिला. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आला.

या सीमाभागात बोअरचे पाणी वापरणाऱ्या कोणत्याही घराच्या न्हाणीघरात गेल्यास एक गोष्ट हमखास दिसते. नळाच्या तोंडाशी पांढरा, खरखरीत थर साचलेला असतो. शॉवरच्या चाळणीची निम्मी भोके बुजलेली असतात आणि उरलेल्यांतून पाणी वाकडेतिकडे उडते. तोटी कितीही आवळली तरी थेंब थांबत नाही. ही बाब इतकी नेहमीची आहे की तिला काही इतिहास असेल असे कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक हा थर आणि तो काढण्याचे श्रम यांचा इतिहास दख्खनमध्ये किमान सहा शतकांचा आहे.

दख्खनच्या जलव्यवस्थेवर बरेच लेखन झाले आहे. परंतु त्याचा रोख बहुधा बांधणाऱ्यांवर असतो. कोणत्या सुलतानाने कालवा काढला, कोणत्या वजिराने हौद बांधला, याची नोंद होते. तो कालवा दरवर्षी कोणी उपसला, हौदाची मोरी कोणी मोकळी केली, तांब्याच्या भांड्याला कलई कोणी केली, याची नोंद क्वचितच आढळते. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, तंत्रज्ञानाचा इतिहास केवळ शोधांचा न लिहिता वापराचा व देखभालीचाही लिहिला पाहिजे, असा आग्रह धरला. प्रस्तुत लेखात हीच दृष्टी दख्खनच्या पाण्याला लावण्याचा प्रयत्न केला आहे. पाण्याची व्यवस्था किती काळ टिकली हे ती कोणी बांधली यापेक्षा ती साफ करण्याची सोय आणि साफ करणारा माणूस या दोन गोष्टींवर ठरले, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

१. जमीन, खडक आणि पाण्याचा स्वभाव

बीदर शहर ज्या पठारावर आहे त्याचा वरचा थर जांभ्या दगडाचा आहे. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यातून खाली झिरपते. खाली चिकणमाती व काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा, घट्ट थर लागला की ते आडवे वाहू लागते. बीदरचे झरे आणि कारेझ यांचे रहस्य या दोन थरांच्या सांध्यात आहे.

पठाराखालच्या मुलखात बेसाल्ट व काळी जमीन आढळते. काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे सापडतात हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते. पावसाचे पाणी मातीतून जाताना त्यात कर्बवायू विरघळतो आणि ते किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी चुनखडी व खडकातील कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवून आपल्याबरोबर आणते. यालाच आपण जड पाणी किंवा क्षाराचे पाणी म्हणतो. हे पाणी उघड्या हवेत आले, वाळले किंवा तापले की कर्बवायू निघून जातो आणि विरघळलेला चुना पुन्हा घट्ट होऊन बसतो. नळाच्या तोंडावरचा पांढरा थर तो हाच होय. पाणी तापवल्यावर ही क्रिया झपाट्याने होते. त्यामुळे गरम पाण्याची तोटी गार पाण्याच्या तोटीपेक्षा लवकर बुजते.

भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ च्या पेयजल मानकानुसार पाण्याचा एकूण जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य मानला आहे. दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत सवलत दिलेली आहे. साबणाचा फेस न होणे, डाळ न शिजणे आणि भांड्याच्या तळाशी पापुद्रा धरणे या तीन खुणांवरून गृहिणी हे मोजमाप प्रयोगशाळेविना करीत आल्या आहेत.

हा चुना काय करू शकतो याचे ठळक उदाहरण खानदेशच्या सीमेवरील बुऱ्हाणपूर येथे पाहावयास मिळते. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, तेथे कुंडी भंडारा ही भूमिगत जलव्यवस्था उभारण्यात आली. तिच्या भिंतींवर चुन्याचे जाड थर चढलेले आजही दिसतात. न्हाणीघरातील नळावर काही महिन्यांत जे घडते तेच तेथे शतकानुशतके मोठ्या प्रमाणावर घडत आले आहे.

२. कारेझ : साफसफाईसाठी ठेवलेली दारे

१४२२ ते १४३६ या काळात राज्य करणाऱ्या अहमदशहा बहमनी याने राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला हलवली. त्यानंतर बीदरमध्ये इराण व मध्य आशियातून विद्वान, व्यापारी व कारागीर मोठ्या संख्येने आले. १४७२ मध्ये मदरसा उभारणारा ख्वाजा महमूद गावान हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. याच काळात इराणी पद्धतीचे कारेझ बीदरच्या जांभ्यात खोदले गेले असे अभ्यासक मानतात. बीदरलगतच्या नौबाद येथील कारेझ दोन किलोमीटरहून अधिक लांब आहे.

कारेझ म्हणजे जमिनीखालून अगदी अल्प उतारावर नेलेला बोगदा. त्यावर ठराविक अंतरावर उभ्या विहिरी असतात. या विहिरींना पुष्कळदा हवा येण्याचे झरोके म्हटले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. खोदकामाच्या वेळी माती त्यांतूनच वर काढली जाते. पुढे दरवर्षी माणूस आत उतरतो तो याच विहिरींतून, आणि साचलेला गाळ बाहेर येतो तोही याच वाटेने. इराणमध्ये हे काम करणाऱ्यांना मुकन्नी म्हणतात. बोगदा खोदणारा आणि बोगदा साफ करणारा असा भेद तेथे नाही, दोन्ही कामे एकाच पेशाची आहेत. म्हणजेच कारेझच्या रचनेत साफसफाई ही नंतर सुचलेली गोष्ट नसून तिची सोय पहिल्या दिवसापासून केलेली होती.

पुढे या उभ्या विहिरींवर घरे झाली, काहींत कचरा टाकला गेला, काही बुजवल्या गेल्या. बोगदा जागेवर होता, उतारही तोच होता. आत उतरण्याची वाट बंद झाल्याने पाणी अडले. २०१४ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या निरीक्षण यादीत बीदरच्या ऐतिहासिक शहराचा समावेश झाला. त्याच दशकात नौबादच्या कारेझमधील गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. गाळ निघाल्यावर बोगद्यातील पाणी पुन्हा दिसू लागले. सहाशे वर्षांची रचना निकामी झालेली नव्हती, ती केवळ साफ करावयाची राहिली होती, हे त्यावरून सिद्ध झाले.

३. खापरी नळ, गंज आणि बंबे

कारेझचे किंवा तलावाचे पाणी वस्तीत आणण्यासाठी भाजलेल्या मातीचे नळ वापरीत. एका नळाचे निमुळते टोक दुसऱ्याच्या रुंद तोंडात बसवून सांधा चुन्याने भरीत आणि संपूर्ण ओळ चुनेगच्ची बांधकामात पुरीत. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे निजामशाही काळातील अशा योजनांना खापरी नळ हे नाव आहे. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मलिक अंबर याने खडकी येथे, म्हणजे नंतरच्या औरंगाबादेत व आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर-ए-अंबरी आणली. त्याच शहरात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातील पाणचक्कीलाही डोंगरातून असेच नळाने पाणी येते.

अशा बंद नळाला दोन शत्रू असतात. एक गाळ आणि दुसरा दाब. दोहोंवरचा उपाय विजापूरच्या आदिलशाही जलव्यवस्थेत स्पष्ट दिसतो. तोरवी आणि बेगम तलाव येथून शहरात येणाऱ्या नळांच्या मार्गावर जागोजागी उंच मनोरे आहेत. त्यांना गंज म्हणतात. हेन्री कझिन्स यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विजापूरवरील ग्रंथात त्यांचे वर्णन केले आहे. पाणी मनोऱ्यात चढते, वर उघड्या हौदात येते व पुन्हा खाली उतरते. यामुळे नळावरचा दाब मोडतो आणि गाळ तळाशी बसतो. बिघाड कोणत्या दोन मनोऱ्यांच्या दरम्यान आहे हे समजणेही सोपे जाते. छत्रपती संभाजीनगरच्या नहरींवरील अशाच स्तंभांना बंबे म्हणतात. पेशवाईत, अठराव्या शतकाच्या मध्याला, कात्रजहून पुण्यात आणलेल्या नळाच्या मार्गावरील हौद व उच्छ्वासही याच विचाराचे आहेत. राज्यकर्ते बदलले, धर्म व भाषा बदलल्या, परंतु पाणी थांबवून गाळ खाली बसू देण्याचे तत्त्व सर्वत्र एकच राहिले.

आजच्या नळाच्या तोंडाशी जी बारीक जाळी बसवलेली असते ती त्याच तत्त्वाची लहान आवृत्ती होय. गंज जसा ठराविक काळाने उपसावा लागे तशी ही जाळीही फिरवून काढावी व धुवावी लागते. फरक इतकाच की गंज सर्वांना दिसत असे आणि जाळी आत असल्याचे पुष्कळांना माहीत नसते.

४. हमाम आणि कारंजे

गुलबर्ग्याच्या दक्षिणेस भीमेच्या काठी फिरोजशहा बहमनी (१३९७ ते १४२२) याने वसवलेल्या फिरोजाबादेत हमामाचे अवशेष आहेत. जॉर्ज मिशेल व रिचर्ड ईटन यांनी १९९२ मध्ये या नगरीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. दख्खनमधील शिल्लक असलेल्या सर्वांत जुन्या हमामांत याची गणना होते. बीदरच्या किल्ल्यातही शाही हमाम आहे. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे पहिले संचालक गुलाम यजदानी यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बीदरवरील आपल्या ग्रंथात किल्ल्यातील वास्तूंचा तपशीलवार परिचय करून दिला आहे.

हमामात गार व गरम पाण्याची टाकी, भिंतीतून गेलेले नळ, वाफ कोंडणारे घुमट आणि पाणी वाहून नेणाऱ्या मोऱ्या असतात. तापलेल्या पाण्यातून चुना अधिक बसतो हे वर पाहिलेच. यावरून हमामाचा खरा खर्च जळणाइतकाच साफसफाईचाही असला पाहिजे, हे ध्यानात येते. राजधानी उठली की हमाम सर्वांत आधी ओस पडे, कारण तो चालवण्यासाठी रोज माणसे लागत.

आजच्या शॉवरचे जवळचे नाते हमामापेक्षा कारंज्याशी आहे. बारीक भोकांतून दाबाने पाणी सोडणे हे दोहोंचे तंत्र एकच आहे. ताजमहालाच्या कारंज्यांखाली तांब्याची भांडी बसवलेली आहेत. भांडी आधी भरतात आणि मग सर्व तोंडांतून पाणी सारखे उसळते. शनिवारवाड्यातील हजारी कारंजे हे मराठी वाचकाला परिचित असलेले उदाहरण आहे. अशा कारंज्यातील काही तोंडे बुजली की उरलेल्यांचा दाब वाढतो आणि सगळी आकृती बिघडते. शॉवरमधील वाकडी धार हे त्याच दोषाचे घरगुती रूप होय.

५. तोटी : शब्द आणि वस्तू

मराठीत तोटी आणि उर्दूत टोंटी हा शब्द मुळात भांड्याच्या चोचीसाठी आहे. वजूसाठी मुस्लिम घरांत टोंटीदार लोटा असे. अमीर घरांत हात धुण्यासाठी आफताबा व चिलमची ही जोडी असे. बीदरच्या बिदरी कारागिरांनी जस्तात थोडे तांबे मिसळून केलेल्या धातूचे, चांदीच्या जडावाचे आफताबे घडवले. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात बिदरी कामाचा मोठा संग्रह आहे. २००६ मध्ये बिदरी कलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बिदरीतील जस्त हेच पुढे लोखंडी नळावरील मुलाम्यात आणि पितळी तोटीत आले. तांबे व जस्त यांच्या मिश्रणातून पितळ होते. जी धातुविद्या बीदरमध्ये कलेच्या रूपाने नांदत होती तीच कारखान्यात तोटीच्या रूपाने अवतरली.

तोटी फिरवून पाणी बंद करण्याची युक्ती प्राचीन आहे. रोमन काळात काशाच्या फिरत्या खुंटीच्या तोट्या होत्या. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा बंधूंनी आपल्या यंत्रग्रंथात शंकूच्या आकाराच्या झडपांचा उपयोग केला. १२०६ च्या सुमारास अल-जझरी याने वजूसाठी पाणी ओतणारी स्वयंचलित यंत्रे वर्णिली. या खुंटीच्या तोटीचा दोष असा की खुंटी झिजली की ती गळते आणि पुन्हा घासून बसवावी लागते. १८४५ मध्ये इंग्लंडमधील रॉदरहॅम येथील क्राइम्स यांनी मळसूत्राने वायसर दाबून पाणी अडवणाऱ्या तोटीचे एकस्व घेतले. वायसर प्रथम चामड्याचा व पुढे रबराचा झाला. या शोधाचे मोल केवळ पाणी अडवण्यात नाही. झिजणारा भाग त्याने वेगळा, स्वस्त व बदलता येण्याजोगा केला. तोटी तीच ठेवून काही रुपयांचा वायसर बदलता येणे हा देखभालीच्या इतिहासातील मोठा टप्पा होय.

इस्लामी जगात तोटीचा प्रश्न शुद्धतेशीही जोडलेला होता. हनफी फिकहात वजूसाठी पाणी वाहते असावे अथवा हौद पुरेसा मोठा असावा, असे मानले गेले. त्याचे प्रचलित मोजमाप दह दर दह, म्हणजे दहा हात लांब व दहा हात रुंद असे आहे. इजिप्तमध्ये तोट्या लावलेल्या वजूच्या टाकीला हनफिय्या म्हणत. १८३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एडवर्ड लेन यांच्या इजिप्तवरील ग्रंथात हा शब्द येतो. आज तेथील बोलीत साध्या नळालाही हनफिय्या म्हणतात. एका फिकही मताचे नाव नळाला मिळावे, हे भाषेच्या अभ्यासकांना मनोरंजक वाटेल. दख्खनच्या मशिदींतही विसाव्या शतकात हौदाशेजारी नळांच्या रांगा आल्या. सोय वाढली, परंतु पाण्याचा अंदाज सुटला. पैगंबर एका मुद्द पाण्यात वजू करीत असत असे हदीसमध्ये आले आहे. हे माप आजच्या हिशेबाने साधारण पाऊण लिटरहून कमी भरते. लोट्यात पाणी किती उरले ते दिसते, नळात ते दिसत नाही. गळणाऱ्या तोटीचा हिशेब असाच डोळ्यांआड राहतो. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी सेकंदाला एक थेंब या दराने चोवीस तासांत चार लिटरहून अधिक पाणी जाते. म्हणजे एका गळक्या तोटीतून दिवसाला सुमारे सहा जणांच्या वजूचे पाणी वाया जाते.

६. चिंच, राख आणि कलई

नळ घरात येण्याआधी गरम पाण्याचे साधन म्हणजे तांब्याचा बंब. पोर्तुगीज भाषेतून आलेला हा शब्द मराठीत पूर्णपणे रुळला आहे. उर्दू भाषक घरांत अशाच साधनाला हमाम म्हणत, म्हणजे बादशाही स्नानगृहाचे नाव एका भांड्यावर आले. मध्यभागी जळणाची नळी, भोवती पाणी आणि तळाशी पितळी तोटी, अशी त्याची रचना. बंब चिंचेने किंवा लिंबाच्या सालीने घासला जाई आणि राखेने उजळला जाई.

या जुन्या पद्धतीचे शास्त्र साधे आहे. चिंचेतील व लिंबातील आम्ल चुन्याचा थर विरघळवते आणि तांब्यावरचा हिरवट काळा गंजही काढते. आजच्या क्षार काढणाऱ्या द्रावणांतही आम्लच असते. मात्र वस्तू बदलली की पद्धतही बदलावी लागते, हे विसरून चालत नाही. १९२० च्या दशकापासून तोट्यांवर क्रोमचा चकचकीत मुलामा येऊ लागला. राख, विटकरीची पूड किंवा तारेची घासणी पितळाला चालते, क्रोमला चालत नाही. तिने मुलाम्यावर ओरखडे पडतात व तेथून आतील पितळ झिजू लागते. संडास धुण्याचे तीव्र आम्ल तोटीला लावल्यास मुलामाच सुटतो. तेच आम्ल ब्लीचिंग पावडरशी मिसळल्यास क्लोरीन हा विषारी वायू निघतो, म्हणून ते कदापि एकत्र करू नये.

क्रोमच्या तोटीसाठी पाण्यात कालवलेल्या लिंबाच्या रसात किंवा शिरक्यात फडके भिजवून ते अर्धा तास गुंडाळून ठेवावे, मग मऊ कापडाने पुसून साध्या पाण्याने धुवावे. शॉवरची चाळणी काढून त्याच द्रावणात बुडवून ठेवावी आणि जुन्या दातांच्या ब्रशने घासावी. वायसर बदलण्यापूर्वी टाकीकडून येणारा मुख्य कॉक बंद करावा. रोज वापरानंतर तोटी कोरडी पुसली तर थर धरतच नाही, कारण वाळायला थेंब उरत नाही. शॉवर साफ ठेवण्यामागे आरोग्याचेही कारण आहे. १९७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे न्युमोनियाची मोठी साथ आली. तिच्या तपासातून लिजिओनेला या जिवाणूचा शोध लागला. कोमट, साचलेल्या पाण्यात आणि चुन्याच्या थराच्या आडोशाने तो वाढतो व तुषारांवाटे फुप्फुसात जातो. सुट्टीत बंद राहिलेल्या वसतिगृहांच्या शॉवरमधून म्हणूनच प्रथम काही वेळ पाणी सोडून द्यावे.

तांब्यापितळेची भांडी आतून सुरक्षित ठेवण्याचे काम कलईगराचे. कथलाला अरबीत कलई म्हणतात. भांडे तापवून, नवसागराची पूड टाकून, कापसाच्या बोळ्याने कथील फिरवण्याची ही विद्या दख्खनमध्ये प्रामुख्याने मुस्लिम कारागिरांच्या हाती राहिली. स्टील व ॲल्युमिनियम आल्यावर भाता घेऊन गल्लीत येणारा हा कारागीर दिसेनासा झाला. कातडी पखालीतून पाणी वाहणारा सक्का किंवा भिस्ती नळ आल्यावर त्याहूनही आधी गेला. मोगल दरबारात पिण्याच्या पाण्याचे स्वतंत्र खाते होते, त्याला आबदारखाना म्हणत. तेथील अधिकाऱ्याला मान होता. मात्र प्रत्यक्ष पाणी वाहणाऱ्या सक्क्याला, हमाम घासणाऱ्याला, मोरी काढणाऱ्याला समाजाने खालच्या पायरीवर ठेवले. समतेची शिकवण देणाऱ्या समाजातही अशराफ आणि कारागीर हा भेद राहिला, हे इतिहासाच्या अभ्यासकाने स्पष्टपणे मान्य करावयास हवे. या कामाची नोंद झाली नाही, याचे एक कारण ते करणाऱ्याला प्रतिष्ठा नव्हती हेच आहे.

७. आधुनिक नळ : देखभाल कोणाची?

१८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने मुंबईत आले. १९२० मध्ये हैदराबादसाठी उस्मानसागर पूर्ण झाला. मुडबीसारख्या दूरच्या गावांना मात्र पुढेही दीर्घकाळ विहीर, ओढा आणि नंतर हातपंप यांवरच विसंबावे लागले.

हातपंपाचा इतिहास या विषयात फार बोलका आहे. १९६० च्या दशकात ओतीव लोखंडाचे जे पंप गावोगाव बसले ते एका कुटुंबाच्या वापरासाठी घडवलेले होते. संपूर्ण गावाचा भार त्यांना पेलवला नाही आणि त्यांतील बहुसंख्य बंद पडले. त्यावर उपाय दिल्लीत सापडला नाही, तो याच पट्ट्यात, जालना व सोलापूर येथे निघाला. तेथे काम करणाऱ्या मिशनरी संस्थांच्या कार्यशाळांत मजबूत पोलादी पंप तयार झाले. सोलापूर पंपाच्या आधारे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंडिया मार्क दोन हा पंप घडला आणि पुढे तो अनेक देशांत गेला. नंतरच्या मार्क तीनमध्ये गावातील माणसालाच आतील दट्ट्या वर काढून वायसर बदलता यावा अशी सुधारणा करण्यात आली. कारेझच्या उभ्या विहिरीमागील विचार येथे पुन्हा दिसतो. जे साफ करता येते, उघडता येते, तेच टिकते.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने प्रत्येक ग्रामीण घराला नळ आणि माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे उद्दिष्ट ठेवले. गावातील योजनेची देखभाल ग्रामपंचायत व तिच्या पाणी समितीकडे सोपवली आहे. नळ जोडल्याची नोंद सहज होते. परंतु तोटी आहे का, ती बंद होते का, क्षाराने बुजली आहे का, हे पाहणारा माणूस नेमला गेला नाही तर आकडा आणि पाणी यांत अंतर पडते. तोटीविना उघडा वाहणारा नळ सुरुवातीच्या घरांचे पाणी वाया घालवतो आणि ओळीच्या शेवटच्या घराला कोरडे ठेवतो. ते शेवटचे घर बहुधा गरिबाचे असते आणि घागर घेऊन बाहेर पडावे लागते ते त्या घरातील मुलीला. तिचा शाळेचा तास तेथे बुडतो. एका वायसरचा संबंध शिक्षणाशी पोहोचतो तो असा.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

पहिला, बीदरचा कारेझ, विजापूरचे गंज, पुण्याचे हौद आणि सोलापूरचा पंप या व्यवस्था वेगवेगळ्या काळातील असल्या तरी साफसफाईची सोय मूळ रचनेतच असणे हे त्यांचे समान सूत्र आहे.

दुसरा, नौबादच्या कारेझची व्यवस्था बोगदा खचल्यामुळे बंद पडली नाही, तिची साफसफाई थांबल्यामुळे बंद पडली. म्हणूनच गाळ काढल्यावर ती पुन्हा उपयोगी पडू शकली.

तिसरा, पूर्वी देखभाल हा पेशा होता. मुकन्नी, सक्का, हमामी, कलईगर ही त्याची नावे. नळ घरात आल्यावर पेशा गेला, काम मात्र राहिले. ते कोणाचे हे न ठरल्याने ते घरातील स्त्रीवर किंवा संस्थेतील शिपायावर पडले आणि त्याची विद्या शिकवली गेली नाही.

सीमाभागातील महाविद्यालयांना येथे बरेच करण्यासारखे आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील जुने हौद, बारव, खापरी नळ यांची नोंद करावी. उर्दू व मराठीच्या विद्यार्थ्यांनी वृद्ध कलईगरांकडून त्यांच्या पेशाची शब्दसंपत्ती टिपून ठेवावी, कारण ती माणसे गेल्यावर हे शब्द कोणत्याही कोशात सापडणार नाहीत. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना गावातील पाण्याचा जडपणा मोजणे हा उत्तम प्रात्यक्षिकाचा विषय आहे. आणि महाविद्यालयाच्या वजूखान्यातील, वसतिगृहातील प्रत्येक तोटी महिन्यातून एकदा तपासण्याचे वेळापत्रक प्राध्यापक व विद्यार्थी यांनी मिळून ठरवावे. त्यात प्राध्यापकांचीही पाळी असावी. जे काम शतकानुशतके कमी लेखले गेले ते शिक्षकाने स्वतः केले, तर विद्यार्थ्याला त्याची प्रतिष्ठा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.